सातारा-सांगलीने चिपची फॅब मागावी, की फॅबला लागणारे भाग बनवावेत?

कोयनाकाठ (धागाकर्ता)
गुजरातेत धोलेऱ्यात टाटा आणि तैवानची चिप कंपनी पीएसएमसी मिळून ९१,००० कोटींची फॅब, म्हणजे चिप बनवायचा कारखाना, उभारताहेत. साणंदला मायक्रॉन, आसामात जागीरोडला पुन्हा टाटा, ही पॅकेजिंगची, म्हणजे तयार चिप कवचात बसवायची कामं. फॅबच्या प्रकल्पखर्चाचा निम्मा भार केंद्र उचलतं. आपल्याकडे कोयनेची १,९६० मेगावॅट वीज, कृष्णेचं पाणी, कराड आणि सांगलीची जुनी अभियांत्रिकी महाविद्यालयं. तैवानने १९७६ साली अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून तंत्रज्ञान घेतलं, माणसं तिकडे शिकायला धाडली आणि १९८७ मध्ये सरकारी पैसा घालून टीएसएमसी ही चिप कंपनी काढली. दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी एकमुखाने फॅबच मागावी. सुट्या भागांवर समाधान मानलं तर आपण कायम जॉबवर्कवालेच राहणार.

कुपवाड एमआयडीसी
साफ असहमत. कोयना प्रामुख्याने जादा मागणीच्या तासांसाठी चालते. फॅबला चोवीस तास एकसारखी वीज लागते. त्यातही मेगावॅटपेक्षा डिप (व्होल्टेज क्षणभर घसरणं) महत्त्वाचे. चिप बनवायच्या मशीनसाठीच्या सेमी एफ४७ मानकाप्रमाणे व्होल्टेज निम्म्यावर आलं तरी मशीनने ०.२ सेकंद तग धरायचा असतो. डिप त्याहून लांबला की मशीन ट्रिप होऊ शकतं, आतला प्लाझ्मा (विजेने तापवलेला वायू) विझतो आणि चेंबरमधला वेफर, म्हणजे जिच्यावर चिप घडवतात ती सिलिकॉनची चकती, बहुधा भंगारात जातो. तो वेफर दोन-तीन महिने शेकडो टप्प्यांतून आलेला असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासच्या थंडीत वीज तोडल्यावर सॅमसंगची ऑस्टिनची फॅब रुळावर यायला महिनाभर गेला.

शिवाय दुसऱ्याचा गळा आवळायची ताकद फॅबच्या मागच्या साखळीत असते. जुलै २०१९ मध्ये जपानने कोरियाला जाणाऱ्या तीनच मालांवर परवान्याची अट कडक केली: फोटोरेझिस्ट, हायड्रोजन फ्लोराइड ही चिप बनवायला लागणारी रसायनं आणि पडद्यांना लागणारं फ्लोरिनेटेड पॉलिइमाइड. तेवढ्यावर सॅमसंगसारख्या कंपनीची धावपळ उडाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नेक्स्पेरिया या चिनी मालकीच्या डच चिप कंपनीच्या वादात चीनने डोंगग्वानला पॅकेज झालेल्या मालाची निर्यात अडवली, आणि साध्या डायोड-ट्रान्झिस्टरसाठी गाड्यांचे कारखाने हवालदिल झाले.

आपल्या हाताला जमणारं काम आहे: फॅबमधल्या मशीनला निर्वात ठेवणाऱ्या ड्राय (तेलाशिवाय चालणाऱ्या) व्हॅक्युम पंपाच्या बॉडीचं एसजी आयर्न (चिवट बीड) कास्टिंग. ज्या भागात किर्लोस्करवाडी आहे तिथे पंप काही नवा नाही. दुसरं, गॅस लाइनच्या नळ्या आणि फिटिंग: ३१६एल स्टेनलेस स्टील, आतून इलेक्ट्रोपॉलिश, खडबडीतपणा ०.२५ मायक्रॉनच्या आत, ऑर्बिटल वेल्डिंग (नळीभोवती आपोआप फिरणारं), हेलियम वायूने गळती शोधायची लीक टेस्ट.

मिरज जंक्शन
कुपवाडकर, दिशा पटली, पण दूध डेअरीच्या पाइपलाइनवर बसलेला हात इथे तसाच चालत नाही. वेल्डिंग करताना नळीतली हवा हटवायला सोडलेला आर्गॉन वायू (पर्ज) कमी पडला की वेल्डच्या कडेला आतून निळसर-तपकिरी रंग चढतो. तिथला क्रोमियमचा संरक्षक थर बिघडलेला असतो. पुढे हायड्रोजन क्लोराइड वायू आणि थोडासा ओलावा एकत्र आला की गंज धरतो आणि धातूचे कण थेट वेफरवर जाऊन बसतात. घात असा, की बाहेरून वेल्ड सुबक दिसतो आणि हेलियम टेस्टही पास होतो! म्हणून शिफ्टच्या सुरुवातीला नमुना कूपन (चाचणीचा तुकडा) वेल्ड करून उभं कापायचं आणि आतून बघायचं.

स्टीलच्या दोन हीटमधलं (भट्टीतल्या वेगवेगळ्या घाण्यांमधलं) गंधकाचं प्रमाणही जुळवा. तफावत असली तर वेल्ड कमी गंधकाच्या बाजूला सरकतो आणि दुसऱ्या बाजूचा सांधा अर्धवट राहतो. प्रत्येक नळीचं हीट सर्टिफिकेट याच्यासाठीच लागतं.

कोयनाकाठ
म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला. हे सगळं तपासून तुम्हाला व्हेंडर यादीत घेणार कोण? इंटेलचा ‘कॉपी एक्झॅक्टली’ नियम तर साधा पाइपही परस्पर बदलू देत नाही. कोरियातल्या रसायन कंपन्या जपानी मालाला पर्याय देऊ शकल्या, कारण त्यांना स्वतःच्याच देशात गिऱ्हाइकाच्या लाइनवर चाचणी घेता आली. फॅब दूर असली की नमुनाच नाकारला जातो, आणि का नाकारला तेही कळत नाही.

वारणा खोरं
कोयनाकाठ यांच्या बाजूने एकच: १९६७ च्या भूकंपाची भीती घालू नका, तैवान-जपानमध्ये फॅब भूकंपाच्या पट्ट्यातच आहेत. पूररेषा मात्र बघा. २०१९ आणि २०२१ चं पाणी सांगली विसरलेली नाही.

कुपवाड एमआयडीसी
शेजारी फॅब आली की पुरवठादार आपोआप उगवतात, हे मोहालीत दिसलं नाही. तिथे सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स होतं. १९८९ च्या आगीनंतर ते मागे पडलं ते पडलंच, भोवती मोठी साखळी उभी राहिली नाही. आणि गॅस पॅनेल, पंप यांची निवड बरीचशी मशीन बनवणारेच करतात. ॲप्लाइड मटेरियल्स आणि लॅम रिसर्च या अशी मशीनं बनवणाऱ्या कंपन्यांची कार्यालयं बंगळुरूत आहेत, मिरजेहून रात्रीच्या गाडीच्या अंतरावर. मागायचंच असेल तर कुपवाड-मिरजेसाठी सामायिक केंद्र मागा: ऑर्बिटल वेल्डिंग हेड, बोअरस्कोप (नळीच्या आतून बघायची दुर्बीण), हेलियम लीक डिटेक्टर आणि धुऊन पॅक करायला क्लीनरूम. एकट्या कारखान्याला एवढं परवडत नाही.

कोयनाकाठ
सामायिक केंद्राच्या मागणीवर माझीही सही घ्या. फॅबची मागणी मात्र मी मागे घेत नाही.