बिऱ्हाड हलवताना ट्रेलरवरच्या गाडीत सामान भरावं का?

गाडीवान (धागाकर्ता)
लांबच्या गावी बिऱ्हाड हलवायचं, पुढे सामानाचा ट्रक आणि मागे ट्रेलरवर आपली गाडी, असा बेत बरेच जण आखतात. चालवणारा एकच असेल तर त्यात वावगं काही नाही. माझा आक्षेप त्यानंतरच्या हुशारीला आहे. ट्रक भरला की उरलेली खोकी गाडीत कोंबायची, कारण 'गाडी तशीही जातेच आहे, रिकामी कशाला न्यायची?'

हिशोबच मांडतो. गाडी १४०० किलो, ट्रेलर स्वतः १०००, एकूण २४००. ट्रेलरच्या दांडीचा ट्रकमागच्या जोडणीच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, पडणारा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असा अमेरिकेतला सर्वसाधारण दंडक आहे. समजा तो ३०० किलो आहे, म्हणजे अगदी झकास. आता डिकीत आणि मागच्या सीटवर मिळून ३०० किलो सामान भरलं. त्या सामानाचा मध्य ट्रेलरच्या चाकांच्या दीड मीटर मागे आणि बॉल चाकांच्या चार मीटर पुढे धरला, तर दांडीवरचा भार सुमारे ११२ किलोने हलका होतो. उरले १८८, आणि एकूण वजन झालं २७००. १२.५ टक्क्यांवरून थेट ७ वर! मागचा ट्रेलर शेपूट हलवायला लागतो तो अशाच भरणीमुळे. माझं मत स्पष्ट आहे: गाडी रिकामी न्या.

खोकीबहाद्दर
३०० किलो भरतं कोण हो? पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा मिळून साध्या गाडीची क्षमता चारशे-साडेचारशे किलो. लोक गाडीत गाद्या, उशा, रजया, पडदे टाकतात. त्याने जागा भरते, वजन वाढत नाही. शिवाय तुमचा १०-१५ टक्क्यांचा दंडक काही जगभर चालत नाही. युरोपात ४ ते ७ टक्क्यांवर लोक वर्षानुवर्षं ट्रेलर ओढतायत. म्हणजे तुमचे ७ टक्के तिथे चांगल्यात मोडतात.

गाडीवान
४ ते ७ टक्के बरोबर, पण त्यासोबत वेगाची मर्यादाही येते ती तुम्ही वगळलीत. जर्मनीत गाडीमागे ट्रेलर असेल तर ८० किमी, खास मंजुरी असेल तरच महामार्गावर १००. डोलणं वेगाबरोबर वाढत जातं. कमी वेगाला दोन हेलकाव्यांत आपोआप शांत होणारा ट्रेलर जास्त वेगाला शांत होतच नाही, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा येतो. मोकळा रस्ता दिसला की ८० पाळणारे किती सापडतील?

आणि गाद्या-उशांपासून सुरुवात होते हे मान्य. निघायच्या आदल्या रात्री पुस्तकांची खोकी आणि मिक्सर-कुकर कुठे जातात, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

काटेकोर
दोघंही अंदाजावर भांडताय. वजनकाट्यावर जा. आधी ट्रक एकटा काट्यावर. मग ट्रेलर जोडून, पण फक्त ट्रकची चाकं काट्यावर आणि ट्रेलरची बाहेर. दोन आकड्यांतला फरक म्हणजे दांडीचा भार. मग जोडलेला ट्रक आणि ट्रेलर एकत्र. त्यातून एकट्या ट्रकचं वजन वजा केलं की ट्रेलरचं पूर्ण वजन. भागाकार करा आणि मग सामानावर बोला. कमी भरला तर गाडी पुढे सरकवायची, इतकं सोपं आहे.

गाडीवान
स्वतःच्या सपाट ट्रेलरवर सोपं आहे. भाड्याच्या ट्रेलरला चाकं अडवायची जागा बहुधा ठरलेली असते, गाडी इंचभरही पुढे जात नाही. तिथे हातात एकच गोष्ट उरते, गाडीत काय ठेवायचं ती. म्हणूनच इंजिन पुढे असलेली गाडी तोंड पुढे करूनच चढवायला सांगतात. काही जण उतरवायला सोपं म्हणून उलटी चढवतात, तो तर कहरच.

जुना ड्रायव्हर
एवढा बाऊ कशाला? ट्रेलर डोलला की अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा, ताणला की सरळ होतो. आम्ही असंच करत आलो.

काटेकोर
हा सल्ला कृपया कोणी घेऊ नका. ज्या वेगामुळे डोलतोय तोच वाढवायचा? ८० वरून १०० वर गेलात तर गतिज ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, हेलकाव्यामागे फिरवत बसायचं नाही. ट्रकचा ब्रेक करकचून दाबायचा नाही. केबिनमधून ट्रेलरचे विजेचे ब्रेक वेगळे लावता येत असतील तर ते हळूच. भाड्याच्या ट्रेलरला बऱ्याचदा ढकललं गेल्यावर आपोआप लागणारे ब्रेक असतात, ते असे वेगळे लावताच येत नाहीत. मग वेग उतरेपर्यंत धीर धरायचा, एवढंच.

जुना ड्रायव्हर
धीर धरायला रस्ता तेवढा रुंद हवा.

काटेकोर
म्हणून तर आधी वजन करा म्हणतोय.

अर्धी चाकं
पूर्ण ट्रेलर हवाच कशाला? डॉली घ्या. पुढची दोन चाकं वर, मागची दोन रस्त्यावर. वजन निम्म्याहून कमी.

गाडीवान
पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर ठीक. मागच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक अशी ओढली तर गिअरबॉक्समधलं तेल फिरत नाही आणि भाग झिजतात. गिअरबॉक्समधून मागच्या चाकांना फिरवणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, सोडवावा लागतो. चारचाकी ड्राइव्हला साधारणतः डॉली नकोच. इलेक्ट्रिक गाडीची मोटरची चाकं रस्त्यावर फिरवली तर मोटर जनित्रासारखी वीज करू लागते, तिथे चारही चाकं वरच हवीत.

रिव्हर्सची धास्ती
तुम्ही डांबरावरचंच बोलताय. खरी परीक्षा पेट्रोल पंपावर होते. ट्रकच्या डब्यामुळे मागचं काही दिसत नाही, ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे, आणि एकदा दुमडला की पुन्हा पुढे जाऊन सुरुवात. शिवाय दिवसभर चालवून थकलेला माणूस. मी म्हणते, गाडी वाहून नेणाऱ्यांच्या हवाली करा आणि ट्रक तेवढा चालवा.

खोकीबहाद्दर
ते तारीख नक्की देत नाहीत, आणि गाडीत घरचं सामान असेल तर बरेच जण घेतच नाहीत. घेतलं तरी त्याचा विमा नसतो.

गाडीवान
वा! म्हणजे हे काम रोज करणारेही गाडी रिकामीच मागतात. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात.

खोकीबहाद्दर
ते चोरीच्या आणि भरपाईच्या भानगडीमुळे, डोलण्यामुळे नव्हे. मुद्दा ओढून आणू नका. मी तडजोड सांगतो: जड ते सगळं ट्रकमध्ये, तेही पुढच्या भिंतीला टेकवून. गाडीत फक्त कपडे आणि अंथरूण, तेही पुढच्या सीटवर आणि पायाशी. डिकी रिकामी. मग दांडीवरचा भार उलट किलोभर वाढेल.

गाडीवान
गणिताने हे चालेल. पण ट्रेलरच्या भाडेकरारात 'गाडी रिकामी असावी' असं लिहिलेलं असेल, तर उशीसुद्धा करारभंगच. अपघात झाला की विमावाला उशी पुढच्या सीटवर होती की मागच्या, हे विचारत बसणार नाही. आधी करार वाचा. आणि निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून चाकांचे पट्टे पुन्हा आवळा, सुरुवातीला ते हमखास सैल पडतात. तेव्हाच ट्रेलरच्या चाकांच्या मधल्या भागाजवळ, म्हणजे हबजवळ, हात नेऊन बघा. एका चाकाचा हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग नाहीतर ब्रेक बिघडलाय, तिथून पुढे जाऊ नका.

खोकीबहाद्दर
पट्टे आणि हब मान्य. उशा मी नेणारच.