पट ९८, अनुदान निम्मं. कुणाला अनुभव आहे का?

सातपूरचा_टर्नर
नमस्कार मंडळी. मी एमआयडीसीत लेथवर आहे. मुलगी तिसरीत, सातपूरकडच्या एका सरकारी मराठी शाळेत (नाव नको). यंदा पालकांनी मला शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष केलं. खरं तर दुसरं कुणी हात वर करेना म्हणून.

पहिल्याच बैठकीत कळलं की समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेच्या किरकोळ खर्चाला येणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. १०१ ते २५० मुलं असली तर वर्षाला ५० हजार, ३१ ते १०० असली की २५ हजार, त्याच्याही खाली १० हजार. आमचा पट १०३ होता. जूनमध्ये तिघं इंग्लिश मीडियमला गेली, दोघा भावांच्या वडिलांना सिन्नरला काम लागलं. यूडायसला, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, ९८ लागले. पाच पोरं गेली ती २५ हजार घेऊन गेली! वर्ग तेवढेच, पंखे तेवढेच, वीजबिल तेवढंच.

मुलींच्या संडासाची कडी कधीची तुटलेली. माझी पोर मैत्रिणीला दाराशी उभी करून आत जायची. शेवटी ८ एमएमची सळई वळवून मीच कडी बसवली. पण टाकी गळते, तिला सळई वळवून भागत नाही.

विचारायचं हे की, पैसे कशावर खर्च करायचे यात समितीला काही बोलता येतं का? की मुख्याध्यापिका बाई दाखवतील तिथे सही?

गोदाकाठ_७
भाऊ, एवढा ताप कशाला? आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून खासगीत टाकायचं होतं.

सातपूरचा_टर्नर
तिथे प्रवेश सुरुवातीच्या वर्गालाच मिळतो, माझी तिसरीत आहे. आणि सगळेच निघाले तर राहणाऱ्यांचं काय? पट ९० च्या वर आहे म्हणून चार शिक्षक. उद्या ९० झाला की तीन, आणि वर्ग मात्र चारच.

पेठचा_गुरुजी
आमचा पट २४, अनुदान १० हजार. दरडोई काढा, तुम्हाला २५५ रुपये, आम्हाला चारशेच्या वर. कागदावर आम्ही श्रीमंत! पण खडू, झाडू, वीजबिल, पावसाळ्यात उडालेला पत्रा, सगळं त्यातच. पैसे येतात मार्चच्या तोंडावर आणि ३१ च्या आत खर्च दाखवायचा. जूनचा पत्रा तोवर आम्ही पदरचे घालून बसवलेला असतो, आणि त्या पावतीवर जूनची तारीख.

निवृत्त_मुख्याध्यापिका
आधी सही आणि मग वाचन, असं करू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मध्ये अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं हे समितीचंच काम म्हणून लिहिलंय. समितीत ७५ टक्के पालक उगाच नाहीत. अनुदानातले निदान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात, म्हणजे तुमचे अडीच हजार. टाकी मात्र कलम २२ च्या शाळा विकास आराखड्यात घाला, ठराव करून, प्लंबरच्या अंदाजपत्रकासकट. आराखड्यात नसलेली टाकी वर कुणाला दिसत नाही.

आणि बाईंवर डाफरू नका हो. बिल थकलं म्हणून वीज तोडायला आलेल्या वायरमनला मी चहा पाजून आठवडाभर थांबवलंय. रजिस्टरमध्ये ते कुठे लिहिणार?

सातपूरचा_टर्नर
आभारी आहे मॅडम. आज बाईंकडे कॅशबुक मागितलं. मला वाटलं तोंड वाकडं करतील, तर म्हणाल्या, "बसा, चहा सांगते, वेळ लागेल." पाच पानं झाली. झेरॉक्स आणि वीजबिलात निम्मं गेलंय, खोटं काही दिसलं नाही. अडीच हजारांत बॉलकॉक, दोन नळ आणि उरलेल्या दारांच्या कड्या होतील, मजुरी माझी. शुक्रवारी बैठक लावलीय, सेकंड शिफ्ट बदलून घेतली. टाकीच्या ठरावाचा नमुना कुणाकडे असेल तर टाका, मराठी मसुदा लिहायची सवय नाही.