रिकामी डबी द्यायची नाही : पत्र्याच्या छोट्या डब्या सजवून भेट दिल्याचे अनुभव

गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी पत्र्याच्या एकवीस डब्या रंगवून वाण म्हणून लुटल्या. पेपरमिंटच्या चपट्या डब्या, कोल्ड क्रीमच्या गोल डब्या, मुलाची शाळेतली कंपासपेटी, घरात आणि ओळखीपाळखीत जे सापडलं ते घेतलं. तीन आठवडे रोज रात्री ओटा आवरला की तासभर बसायचे. प्रत्येक डबीत बटर पेपर घालून हलवा भरला. वाटलं होतं, हलवा संपला की डब्या कुठल्या तरी खणात पडून राहतील.

मेमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकू दारात आल्या, हातात ती डबी. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची, हे आपल्या बहुतेकांच्या घरात लहानपणीच शिकवलेलं असतं. काकूंनी माझ्या डबीलाही तोच मान दिला होता. आत सोलापूरहून आलेली शेंगाचटणी, कागदात नीट पुडी बांधून. डबी जेमतेम माझ्या तळहाताएवढी, चटणी दोन चमचे. मी त्यात आवळासुपारी भरून खाली पाठवली. तेव्हापासून ती सहा वेळा जिना चढली-उतरली. उघडताना अंगठा टेकतो तिथला निळा रंग पार झिजलाय आणि खालचा पत्रा चमकतो. तेवढी जागा पुन्हा रंगवावी असं मला वाटत नाही.

रंगवलेल्या डबीचं काम ती देऊन झाल्यावर सुरू होतं, असं मला तेव्हापासून वाटतं. म्हणून हा धागा. तुम्ही काय रंगवलंत, कशाने चिकटवलंत, आत काय घातलंत, कोणाला दिलीत, सगळं लिहा. बिघडलेलं आधी लिहा, त्याने बाकीच्यांचं सामान वाचेल.

ठाणे :
बिघडलेलं माझ्याकडून घ्या. नणंदेच्या डोहाळजेवणाला पाच डब्या केल्या होत्या. वरची छपाई दिसू नये म्हणून पॉलिश पेपरने खसाखसा घासून पत्रा अगदी पांढरा केला. मग गुलाबाची फुलं छापलेले कागदी नॅपकिन आणले. त्यांना तीन पदर असतात, त्यातला वरचा छापील पदर अलगद सोडवायचा आणि पाणी घातलेल्या फेविकॉलने चिकटवायचा. दिसायला इतकं सुंदर झालं की फोटो काढून माहेरी पाठवले. जुलै महिना होता. आठ-दहा दिवसांत गुलाबांच्या मधल्या पांढऱ्या जागेत चहा सांडल्यासारखे तपकिरी ठिपके उमटले. पाचही डब्या गेल्या. कार्यक्रम तोंडावर होता, शेवटी दुकानातून मेणबत्त्या आणून दिल्या आणि मला ते फार लागलं. चुकलं कुठे, ते अजून नक्की कळलेलं नाही.

कोल्हापूर :
ठाण्याच्या ताई, तुमच्या डब्या घासण्यात गेल्या. आपण टिनची डबी म्हणतो, पण आतला पत्रा पोलादाचा असतो आणि त्यावर कथलाचा अगदी पातळ थर दिलेला असतो. माझे आजोबा कल्हई करायचे. भांडं भट्टीवर तापलं की नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते वितळलेलं कथील भांडंभर फिरवायचं. काळं पडलेलं पातेलं डोळ्यांदेखत चांदीसारखं व्हायचं. डबीवरचा थर कारखान्यात बसवतात, पण धातू तोच. त्या थराच्या आडोशाने पोलाद गंजत नाही. तुम्ही पांढराशुभ्र होईपर्यंत घासलंत तेव्हा तो आडोसा निघाला, आणि वरून फेविकॉलमधलं पाणी उघड्या पोलादावर बसलं. पावसाळी हवेने उरलेलं केलं.

मी करतो ते सांगतो. ४०० नंबरचा पेपर, हलका हात, फक्त चकाकी जाईपर्यंत. छपाई घालवायच्या भानगडीत पडू नका, ती रंगाखाली जाते. साबणाच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं पुसायचं आणि गॅस बंद केल्यावर तवा कोमट उरतो त्यावर दहा मिनिटं ठेवायचं, म्हणजे बिजागरीच्या फटीतलं पाणीही जातं. मग स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि त्यानंतर रंगवायच्या भागाला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल राहिलं की रंग तिथूनच सुटतो. हार्डवेअरच्या दुकानातला मेटल प्रायमर, एक पातळ हात, बाहेरूनच. तो टर्पेंटाइनवाला असेल तर पुरता वाळू द्या, माझ्याकडे दोन दिवस जातात. त्यावर ॲक्रेलिकचे तीन पातळ हात. एक जाड हात देऊन वेळ वाचत नाही, त्याची साल निघते. फेविकॉल आणि नॅपकिन प्रायमरच्या वर खुशाल चालतात. शेवटी वॉर्निश.

नाशिक :
माझं सगळं नीट झालं होतं, पण उन्हाळ्यात झाकण चिकटून बसलं. बहिणीने जोर लावून उघडलं तर कडेचा रंग झाकणाबरोबर निघून आला. असं कोणाचं झालंय का?

(पुण्याहून मीच.) पहिल्या चार डब्यांचं झालं. आता रंगवण्याआधी झाकण बंद करून ते जिथे बसतं तिथे पेन्सिलीने रेघ मारते आणि रेघेच्या वर रंग नेत नाही. रंगाची जाडी नखाएवढीही नसते, तरी तेवढ्याने झाकण अडतं. वॉर्निश वाळल्यावर मेणबत्तीचा तुकडा कडेवरून एकदा फिरवून घ्यायचा, चिकटत नाही.

जव्हार :
इथे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली बरीच मुलं वारली समाजातली आहेत, त्यामुळे डबीवर वारली काढायला मी मुलांच्या आयांकडूनच शिकले. गोल डबीच्या झाकणावर तारपा नाच इतका चपखल बसतो, जणू त्याच्यासाठीच झाकण गोल केलंय. मधोमध तारपा वाजवणारा, भोवती हातात हात गुंफलेली माणसं. गेरूचा रंग आधी, त्यावर पांढरं. भिंतीवर तांदळाच्या पिठाचं पांढरं असतं, ते पत्र्यावर टिकत नाही, पापुद्रे सुटतात, म्हणून डबीला पांढरं ॲक्रेलिक घेते. ब्रश मात्र बांबूच्या काडीचाच. एका आईने काडीचं टोक दातांत धरून चावलं, तंतू मोकळे केले आणि माझ्या हातात दिली. त्या काडीने ओढलेली माणसाची कंबर, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जुळतात तिथली, बाजारच्या बारीक ब्रशने मला कधीच जमली नव्हती.

एक कळकळीने सांगते. देवचौक डबीवर काढू नका. तो लग्नात सवाशिणी काढतात, त्यात पालघाट देवी असते. आपल्या देवघरातलं उचलून कोणी पेपरमिंटच्या झाकणावर लावलं तर आपल्याला जसं वाटेल, तसंच त्यांना वाटत असणार. नाच, शेतं, झाडं, मोर, कोंबड्या, मासेमारी, काढायला पुष्कळ आहे. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या चित्रांतली मासेमारीची जाळी पाहा, नुसत्या रेघांत पाणी हलतं.

सावंतवाडी :
आमच्या गावचा गंजिफा हा पत्त्यांचा खेळ गोल पानांचा. दशावतारी डावात १० अवतारांचे १० रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी १२० पानं. कोल्ड क्रीमची डबी पाहिली की मला ते पानच आठवतं. भाऊबीजेला धाकट्या भावासाठी केली. आम्ही पाच भावंडं, म्हणून मत्स्याच्या रंगातलं पाचाचं पान घेतलं, पाच मासे. खवले काढताना श्वास धरून बसावं लागतं. आत खाजं भरलं. तो बोटीवर असतो, डबी त्याने सोबत नेली.

न्यू जर्सी :
इथे अल्टॉइड्स नावाच्या पेपरमिंटच्या डब्या मिळतात, साधारण साडेनऊ बाय सहा सेंटिमीटर, बिजागरीचं झाकण. झाकणावरची अक्षरं उठावाची असल्यामुळे कितीही रंग दिला तरी वर दिसतात. म्हणून मी रंग सोडून खण लावला. आईच्या जुन्या चोळीचा, अंजिरी रंगाचा. कापड थेट पत्र्यावर चिकटवलं की फेविकॉल वर झिरपून डाग पडतात. आधी जाड कागद झाकणापेक्षा किंचित लहान कापायचा, त्यावर खण ताणून कडा मागे दुमडायच्या, आणि मग तो कागद झाकणावर बसवायचा. उठावाची अक्षरंही त्याखाली दबतात. खणाचा काठ लांब बाजूला यायला हवा, आडवा आला तर शोभत नाही.

लेक कॉलेजला दुसऱ्या राज्यात गेली तेव्हा तिला ही डबी दिली. आत दोन सुया, काळा-पांढरा दोरा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून, चार बटणं, सेफ्टी पिना, आणि आईने पाठवलेली अंगाऱ्याची पुडी. ऑक्टोबरात तिचा फोन आला, रूममेटच्या कोटाचं बटण लावून दिलं म्हणाली. मराठी वाचता येत नाही तिला फारसं, पण त्या कापडाला खण म्हणतात आणि ते आजीचं आहे, हे तिने त्या मुलीला सांगितलं.

मुंबई :
नव्या कोऱ्या डब्या हव्या असतील तर क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला चक्कर मारा, हस्तकलेचं बाकी सामानही तिथेच होईल. आणि बूटपॉलिशची डबी कितीही धुतली तरी तिच्यात खायचं घालू नका. बटणं, टाचण्या, रांगोळीचे रंग यांना ती उत्तम.

सातारा जिल्हा :
माझा अनुभव न रंगवलेल्या डबीचा आहे, चालेल ना? पणजोबा खडकीच्या सॅपर्समध्ये होते, पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले. १९१४ च्या नाताळात इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावाने निधी जमवून सैनिकांना पितळी डब्या वाटल्या होत्या. झाकणावर मधोमध तिचा चेहरा उठावात आणि खाली सालासह नाताळचं नाव. गोऱ्या शिपायांच्या डबीत तंबाखू, सिगरेटी असायच्या, आपल्याकडच्या बऱ्याच जणांना खडीसाखर आणि मसाला मिळाला. आमच्या घरची डबी आजी तुटलेल्या पोतीचे काळे मणी ठेवायला वापरायची. चेहऱ्याचं नाक झिजून सपाट झालंय. ही मी चिंचेनेसुद्धा घासू दिली नाही. काही डब्यांवर आपला हात चालवायचा नसतो, असं माझं ठाम मत आहे.

पुतण्या गेल्या वर्षी भरती झाला, त्याच्यासाठी दुसरी साधी डबी घेतली. आत लाकडाचा ठोकळा घट्ट बसवला, म्हणजे ठोके मारताना पत्रा चेपत नाही, आणि खिळ्याच्या टोकाने ठिपक्या-ठिपक्यांनी गावचं नाव उठवलं. हलका ठोका, खड्डा पडला पाहिजे, भोक नाही. ठोकळा काढून खडीसाखर आणि वेलदोडे भरून दिली. पणजोबांना काय मिळालं होतं ते त्याला माहीत होतं, उघडल्यावर काही बोलला नाही, झाकण लावून ट्रंकेत सगळ्यात वर ठेवली.

पुणे, कोथरूड :
बाबांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला. उजवा हात वळतो, पण थरथरतो. आयुष्यभर ड्राफ्ट्समन म्हणून रेघा मारलेल्या माणसाला रेघ मारता येईना, याचं त्यांना किती होतं ते शब्दांत सांगता येत नाही. व्यायामाला म्हणून मी त्यांच्यापुढे एक डबी आणि काडेपेटीच्या काड्या ठेवल्या. काडीचं गुलाच्या विरुद्ध टोक रंगात बुडवायचं आणि टेकवून उचलायचं, एवढंच. रेघेला स्थिर हात लागतो, ठिपक्याला क्षणभर टेकणं पुरतं. पहिल्या दिवशी सात ठिपके झाले, तेही एकमेकांवर चढलेले. बाबांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि आठवा नेमका जागेवर टेकवला.

सहा महिन्यांत दहा डब्या झाल्या. गर्द निळ्यावर पांढरे ठिपके, आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखे, फक्त न जोडलेले. बागेतल्या कट्ट्यावरच्या मित्रांना गोळ्या ठेवायला दिल्या. झाकणावर सूर्य म्हणजे सकाळची, चंद्र म्हणजे रात्रीची, कारण त्यांच्यातल्या दोघांना चष्म्याशिवाय अक्षर लागत नाही. गोळ्या पाकिटातून काढायच्या नाहीत, पट्टी कापून तशीच आत ठेवायची, हे बाबा प्रत्येकाला बजावतात. कट्ट्यावरून एकही डबी रिकामी परत आली नाही; कोणी लिमलेटच्या गोळ्या घातल्या, एकांनी बागेतल्या गुलबाक्षीचं बी.

आता कट्ट्यावर आणखी तिघांनी मागितल्यात आणि बाबांकडच्या संपल्या. कोणाकडे चपट्या डब्या पडून असतील, पोचे असले तरी चालतील, तर सांगा. हडपसरपर्यंत कुठूनही मी संध्याकाळी येऊन घेऊन जाईन.