बोटांच्या ठशांवरून पोराचा मेंदू कळतो का?

कुडाळची_आई:
मुलगा तिसरीत आहे. शाळेत परवा कोणीतरी येऊन डीएमआयटी टेस्टची माहिती देऊन गेले, दहाही बोटांचे ठसे स्कॅन करायचे आणि मग रिपोर्ट येतो की पोरगं राईट ब्रेन की लेफ्ट ब्रेन, बघून शिकणारं की ऐकून, शिवाय पुढे करिअर काय करावं ते पण. फी चार आकडी. सासूबाई म्हणतात त्यापेक्षा पत्रिका दाखव 😄 आमचे हे म्हणतात करून टाकू, सगळे करतायत. खरंच काही अर्थ असतो का यात?

देवगडवाला:
सासूबाईंना नमस्कार सांगा. ते पैसे कलमांच्या फवारणीला घाला.

मास्तर_गुहागर:
ताई नका करू. ठशांच्या रेघा बाळ पोटात असतानाच पक्क्या होतात, मेंदू मात्र शिकेल तसा बदलत राहतो, मग रेघा बघून करिअर कसलं सांगतायत. मानसोपचारतज्ज्ञांच्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेपण याला शास्त्रीय आधार नाही असं सांगितलंय. लेफ्ट राईटचं म्हणाल तर भाषेचं काम बहुतेकांच्यात डावीकडे जास्त चालतं एवढं खरं, पण म्हणून अख्खा माणूस डावा किंवा उजवा होत नाही. आणि बघून शिकणारे, ऐकून शिकणारे हे तर आम्हाला ट्रेनिंगमध्येसुद्धा सांगायचे हो! 2008 मध्ये पॅश्लर वगैरे चौघा मानसशास्त्रज्ञांनी त्यावरचे अभ्यास तपासले, तसं वेगवेगळं शिकवून फायदा होतो याचा धड पुरावा काही मिळाला नाही. नकाशा बघूनच शिकायला लागतो, पोरगं कुठल्याही टाईपचं असूदे.

कुडाळची_आई:
मग करू काय? पाच पाच वेळा वाचतो आणि दोन दिवसांनी कोरा.

मास्तर_गुहागर:
पाच वेळा वाचून घेऊच नका ना. एकदा वाचलं की पुस्तक मिटायचं आणि काय आठवतंय ते विचारायचं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये कॉलेजच्या मुलांवर हे करून बघितलं, पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत परत वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर न बघता आठवून लिहिणारे पुढे. म्हणून तर फसायला होतं, वाचल्यावाचल्या सगळं येतंयसं वाटतं. दोन दिवस सोडून परत विचारा, मग आठवड्याने. दिवेलागणीला परवचा म्हणत असाल तर उत्तमच, फक्त मध्येच अडवून "आठ सक किती" विचारा, चालीवर सगळ्यांनाच येतं.

मालवणी_मामी:
आणि बाय, झिलाक रात्री वेळार निजव, शिकलेला झोपेतच घट्ट बसता. जत्रेत रातभर धयकालो (दशावतारी नाटक) असलो तर गोष्ट वेगळी.