चर्चा धागा: 112 पदार्थांचं मेनूकार्ड कापावं का?

हॉटेलवाला, होटगी रोड
मंडळी, माझ्या कार्डावर 112 पदार्थ आहेत. पंजाबी, चायनीज आणि मागच्या पानावर आपलं सोलापुरी. कार्ड 45 वर आणायचं ठरवलंय.

कसावाना आणि स्मिथ या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या दोघांनी 1982 मध्ये मांडलेली पद्धत मी वापरली. प्रत्येक पदार्थाला दोनच प्रश्न विचारायचे. खपतो किती, आणि कच्चा माल वजा जाता प्लेटमागे रुपये किती उरतात? गटात 20 भाज्या असतील तर एकीचा समान वाटा 5 टक्के. त्याचे 70 टक्के म्हणजे 3.5. हजार प्लेटांत 35 पेक्षा कमी गेली, तर ती कमी खपाची.

इतकी वर्षं मी टक्केवारीला फसलो. शेंगाभाजी 120 ला, माल 30 चा. मटण थाळी 340 ला, माल 160 चा. थाळीत माल 47 टक्के जातो म्हणून वेटरला भाजी पुढं करायला सांगायचो. पण थाळी 180 रुपये सोडते, भाजी 90. जागेचं भाडं टक्क्यांत देता येत नाही. थाळी आता कार्डात सगळ्यात वर, चौकटीत टाकणार.

खानावळ चालवणारी, अक्कलकोट रोड
मालक, त्या 180 मध्ये भाकरी थापणारे हात कुठं धरलेत? ज्वारीचं पीठ सकाळी मळून ठेवता येत नाही, भाकरी चिरते. गरम पाण्यात थोडं थोडं मळायचं, लगेच थापायचं, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं. आमच्या मावशी रात्री 8 ते 10 तव्यापुढून उठत नाहीत. रविवारी त्या आल्या नाहीत तर मटण तयार आणि गिऱ्हाईक भाकरीसाठी ताटकळलेलं. ही पद्धत फक्त माल मोजते, मजुरी आणि वेळ मोजत नाही. थाळी चौकटीत टाकून खप वाढवाल, पण तवा एकच आहे ना?

गिऱ्हाईक, जुळे सोलापूर
मला भीती दुसरीच आहे. आम्ही आठजण जेवायला जातो तेव्हा हॉटेल ठरतं आईमुळं. तिला दात नाहीत, मऊ खिचडी लागते. तुमच्या कागदावर ती एक प्लेट खिचडी, उद्या कापाल. मग बाकीची सात ताटंही दुसरीकडं जातील, आणि ती कुठल्याच रकान्यात दिसणार नाहीत.

हिशेब लिहिणारी, नवी पेठ
खिचडी राहू द्या, तिला वेगळं सामान लागत नाही. पण बेबी कॉर्नच्या चार भाज्या कशाला? डबा फुटला की उरलेला माल टाकायचा. उलट शेंगाचा कूट भाजीत, आमटीत, चटणीत सगळीकडं जातो. प्लेट मोजताना फ्रीजरही उघडून बघा. कापाकापीला माझा पाठिंबाच आहे.

मात्र एका महिन्याच्या बिलांवर नको. श्रावणात मटण बसतं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे जत्रेला, गर्दी वेगळी, तुळजापूर-अक्कलकोट करून येणाऱ्यांचं ताट वेगळं. निदान वर्षाची बिलं काढा.

हॉटेलवाला, होटगी रोड
ताई, मजुरीचा मुद्दा बिनतोड आहे. थाळीला गरम भाकरी एकच आणि सोबत कडक भाकरी दिली तर? ती दुपारीच करून ठेवता येते, टिकते, आणि सोलापूरचीच आहे. खिचडी ठेवतो. वर्षभर थांबणं मात्र परवडत नाही, बेबी कॉर्न याच आठवड्यात जाणार.

खानावळ चालवणारी, अक्कलकोट रोड
कडक भाकरी आमटीत चुरून खायला चांगली. मटणाच्या रश्श्यासोबत लोक गरमच मागणार, बघा तुम्ही. त्यापेक्षा दुसरा तवा घ्या, आणखी एक मावशी लावा आणि थाळी 360 ला करा. मला 20 रुपये वाढवायची भीती वाटत नाही, कोरड्या भाकरीवर नाराज होऊन उठणाऱ्या गिऱ्हाईकाची वाटते.