शा.शि.चा तास माझ्याकडे आलाय. पाचवी ते आठवीच्या ४२ मुलांना काय खेळवू?

गणिताच्या_बाई

नमस्कार. सांगोला तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत गणित-विज्ञान शिकवते. या जूनपासून शारीरिक शिक्षणाचे तासही माझ्याकडे आले. शाळेत आणखी दोघंच सर आहेत. एकांचे गुडघे गेलेत आणि दुसरे मुख्याध्यापक. मी स्वतः लहानपणी लंगडीच्या पुढे कधी गेले नाही, हे आधीच सांगून टाकते.

पट ४२. मुलगे २३, मुली १९. पाचवी ते आठवी सगळे एकत्र, कारण वेगळे तास लावायला माणसंच नाहीत. मैदान मुरमाचं, मधोमध एक कडुलिंब, एका बाजूला बाभळी. सामान म्हणाल तर दोन रबरी चेंडू, एक रस्सीखेचीचा दोर आणि कुणाच्या तरी घरची बॅट.

"खेळा" म्हटलं की मिनिटभरात क्रिकेट सुरू. ज्याची बॅट त्याचा डाव. दोघं खेळतात, बाकीचे बाभळीतून चेंडू काढतात आणि सातवी-आठवीच्या मुली पायऱ्यांवर बसून गप्पा मारतात. म्हणून मागच्या आठवड्यात मी गोल करून डॉजबॉल घेतला. पहिल्या तीन मिनिटांत बाद झाले ते जवळजवळ सगळे पाचवीचे, शिवाय सहावीतली दोन जाडजूड मुलं. उरलेली वीस मिनिटं ती कडेला बसून काडीनं माती उकरत होती. शेवटपर्यंत जो टिकला तो रोज तीन किलोमीटर सायकल मारून शाळेत येतो. त्याला माझ्या तासाची गरजच नव्हती.

३५ मिनिटांत सगळी ४२ घाम गाळतील, आणि मला फार काही येत नसलं तरी चालेल, असे खेळ सांगा.

तिसरा_मजला

मॅडम, तुमच्याकडे मैदान आहे यातच निम्मं काम झालं. आमची शाळा दक्षिण मुंबईत, तिसऱ्या मजल्यावर. आमचं मैदान म्हणजे वर्गाबाहेरचा व्हरांडा, आणि खालच्या वर्गात परीक्षा असेल तर तोही नाही.

आमचा हमखास चालणारा खेळ म्हणजे 'घर साफ'. वर्गाच्या मधोमध बाकांची रांग लावायची, दोन संघ दोन बाजूंना. प्रत्येकाने रद्दीचे दोन बोळे करायचे. शिट्टी झाली की आपल्या बाजूचे बोळे पलीकडे फेकायचे. मिनिटभराने पुन्हा शिट्टी, मग मोजणी. ज्यांच्या घरात कचरा कमी ते जिंकले. कुणी बाद होत नाही, लागलं तरी दुखत नाही, आणि सगळेजण सारखे वाकून उठत असतात. पावसाळ्यात किंवा तुमच्याकडच्या मार्चच्या उन्हात उपयोगी पडेल. शिट्टीनंतर बोळा फेकला की दोन बोळे दंड, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर खेळ संपतच नाही.

बाहेर विष-अमृत घ्या. त्यात गणितही घालता येईल. 'विष' मिळून बसलेल्याला सोडवायचं तर आधी सतराचा पाढा म्हणायचा. एका दगडात दोन पक्षी!

शिट्टी_आणि_फक्की

बाई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. माती उकरणारी पोरं तुम्हाला दिसली ना? मला ती दिसायला दहा-बारा वर्षं लागली. एकूण ३१ वर्षं सांगली जिल्ह्यात शिट्टी गळ्यात घालून फिरलो आणि पहिली कित्येक वर्षं पोरांना बाद करून बसवत राहिलो. एक मुलगा होता, कुठल्याही खेळात सगळ्यात आधी बाद. मी त्याच्या हातात गुण लिहायची वही दिली आणि स्वतःवर खूश झालो. वर्षअखेरीला त्याची आई निकाल न्यायला आली. म्हणाली, "सर, ह्यो खेळतो का तुमच्या तासाला?" काय सांगणार? वर्षभर त्याला पेन्सिल धरून उभा केला होता.

तेव्हापासून एकच ठरवलं. स्पर्धेत बाद म्हणजे बाद, पण तासाला बाद म्हणजे 'कडुलिंबाला शिवून परत ये'. तुमचा डॉजबॉलसुद्धा तेवढ्यावर सुधारेल. ज्याला चेंडू लागला त्यानं झाडाला हात लावायचा आणि पुन्हा गोलात. जो जास्त वेळा बाद होतो तो जास्त पळतो. आपल्याला तेच हवंय.

मुंबईच्या गुरुजींचा 'घर साफ' झकास आहे, तो मी नातवाच्या शाळेत सांगणार. पण पाढ्याचं पटलं नाही, माफ करा. ज्याला सतराचा पाढा येत नाही, त्याला वर्गात ऐकून घ्यावंच लागतं. आता मैदानावरही मित्र त्याच्या नावानं ओरडणार. आठवड्यातले दोन-तीन तास तरी त्याला पाढ्यापासून सुट्टी द्या.

विष-अमृत मात्र घ्याच. ४२ पोरांत एकावर राज्य देऊन काही होत नाही. पाच जणांवर द्या, त्यांच्या हातात रंगीत फडकं. ते शिवले की 'विष', पोरानं जागेवर बसायचं. दोघांनी येऊन 'अमृत' दिलं तरच उठायचं. एकानं सोडवायची सवलत दिली तर खेळ फार सैल होतो. दीड मिनिटानं शिट्टी, खाली बसलेले मोजा, लगेच दुसरे पाच. पाच-सहा डावांत सगळी लाल होतात. साखळीही तशीच. हात धरून चार झाले की तुटून दोन-दोन. लांब साखळी ठेवू नका, टोकाचं पोर भोवऱ्यासारखं फेकलं जातं. आमच्याकडे एकाचं मनगट गेलं होतं.

आता माझा आवडता खेळ. राम-रावण तुम्ही खेळला असाल. दोन रांगा समोरासमोर, मध्ये चार पावलं अंतर, प्रत्येकीच्या मागे पंधरा पावलांवर तिच्या घराची रेषा. मी नावं बदलली, एक रांग काकडी आणि दुसरी कारलं. तुम्ही फक्त "का… का… का…" करत राहायचं. "कारलं!" म्हटलं की कारल्यांनी घराकडे धूम ठोकायची आणि काकड्यांनी धरायचं. धरला गेलेला त्या रांगेचा होतो, म्हणजे इथंही बसणं नाही. मध्येच "काका!" म्हणा. निम्मी पोरं पळत सुटतात आणि बाकीची पोट धरून हसतात. "काळजी", "कापूस", "कावळा", हाताशी भरपूर शब्द ठेवा. फक्त घराच्या रेषेमागे भिंत किंवा बाभळ नको. दहा पावलं तरी मोकळी पाहिजेत, पोरं वेगात असतात.

संघ पाडताना दोन कप्तान उभे करून गडी मागायला लावू नका. शेवटी उरणारा कोण ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, त्यालाही. एक-दोन-तीन-चार मोजलं तर पोरं रांगेत जागा बदलतात. मी जन्ममहिन्यावर पाडायचो. जानेवारी ते मार्च एक संघ, तसे चार. कमी-जास्त झाले तर डिसेंबरवाले इकडेतिकडे.

आणि पाचवीच्यांना लिंबूटिंबू करू नका. गल्लीत ते चालतं. शाळेत त्याचा अर्थ 'तू नसलास तरी चालेल' असा होतो. आठवीचा एक आणि पाचवीचा एक अशी हात धरून जोडी करा, राज्य जोडीवर. मोठ्याला वेग आपोआप आवरावा लागतो.

जाता जाता. शाळेत तुमच्यावर हे येऊन पडलं यात नवल नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सहावी ते आठवीत पट शंभराच्या वर असेल तरच आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. छोट्या शाळेत जो हाताशी सापडतो त्याच्याच गळ्यात शिट्टी.

नऊ_नंबर

सरांचं सगळं मान्य, पण पायऱ्यांवर बसणाऱ्या मुलींबद्दल कुणी बोललंच नाही. मीही सातवीत तशीच बसायचे. मग खो-खो मिळाला आणि बारावीपर्यंत जिल्ह्याकडून खेळले.

मॅडम, त्यांना खेळायचं नसतं असं नाही. आधी ओढणीचं बघा. तिरकी घेऊन कमरेला घट्ट गाठ मारायची, दोन्ही टोकं आत खोचायची. हे तुम्ही स्वतः करून दाखवा आणि त्यांच्याबरोबर चार पावलं पळा, येत नसलं तरी. दुसरं म्हणजे पाळी. तास सुरू व्हायच्या आधी मुलींना एकट्यात सांगून ठेवा, "ज्या दिवशी नको वाटेल त्या दिवशी वेळ लावायचं काम घ्या, कारण विचारणार नाही." ज्यांना खेळायचंय त्या खेळतीलच. मात्र ते काम मुलग्यांनाही आळीपाळीने द्या. नाहीतर ज्या मुलीच्या हातात घड्याळ तिच्याकडे सगळे बघून हसतात.

आता खो-खो. पूर्ण मैदान २७ बाय १६ मीटर, दोन टोकांना खांब, आठ जण आलटून पालटून तोंडं करून बसलेले आणि नववा पाठलागावर. तुम्ही तेवढं करू नका. फक्कीने १५ पावलांची मधली रेषा मारा, सहा जण बसवा, टोकांना खांबाऐवजी पाण्याने भरलेल्या बादल्या. तीन पळणारे, दोन मिनिटांचा डाव. अशी दोन मैदानं शेजारी शेजारी. एका वेळी वीस मुलं आत, उरलेली बावीस सरांच्या काकडी-कारल्यात. दर डावाला अदलाबदल.

पहिल्या आठवड्यात पळणारे नकोतच. नुसता खो एका टोकाकडून दुसरीकडे पोचवायचा, दोन मैदानांची शर्यत. खो पाठीमागूनच द्यायचा, शिवून आणि ओरडून. आणि खो मिळायच्या आधी उठायचं नाही. मुलं इथेच चुकतात, त्यामुळे हे एकदा अंगात मुरलं की पुढचं सोपं. पाठलाग करणाऱ्याला उलट वळता येत नाही हेही हळूहळूच समजतं. अल्टिमेट खो-खो लीगमध्ये 'वजीर' असतो, त्याला दोन्हीकडे पळायची मुभा. तुमच्या जाडजूड मुलांना वजीर करा. कमी पळून जास्त गडी टिपतील, भाव वाढेल.

मुरमावर सूर मारायला बंदी, माझ्या कोपरावर खूण अजून आहे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. आपल्या मुली आणि मुलगे दोघांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. मुलींची कप्तान प्रियांका इंगळे, मुलांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. मोबाइलवर तिच्या धावण्याचे दोन मिनिटांचे व्हिडिओ दाखवा. पायऱ्यांवरच्या मुली उठल्या नाहीत तर मला सांगा.

गणिताच्या_बाई

खूप आभार. एक शंका. मुलग्यांचं क्रिकेट पूर्ण बंद केलं तर बंड होईल का? आणि आठवीच्या मुलांना काकडी-कारलं बालिश वाटलं तर?

शिट्टी_आणि_फक्की

क्रिकेट बंद करू नका, महिन्यातला एक तास द्या. पण माझ्या नियमाने. मारला की धावायचंच, प्रत्येकाला सहा चेंडू, बाद झाला तर पाच धावा वजा पण सहा चेंडू पूर्ण. क्षेत्ररक्षकांनी चेंडू अडवला की सगळ्यांनी त्याच्यामागे एका रांगेत येऊन उभं राहायचं, रांग लागली की धावा थांबल्या. पोरं आधी कुरकुरतात.

आठवीच्यांना आट्यापाट्या द्या. बालिश म्हणायची कुणाची टाप नाही. अंगापेक्षा डोकं लागतं. एक उभी सूरपाटी आखा आणि तिला छेदून पाच आडव्या पाट्या. दोन पाट्यांत आठ फूट, सूरपाटीच्या दोन्ही अंगांना आठ-आठ फूट. प्रत्येक आडव्या पाटीवर एक गडी, त्याचे पाय पाटी सोडून जाता कामा नयेत. सूरपाटीवाला मात्र उभ्या रेषेवर कुठूनही कुठंही पळतो. समोरच्या संघानं हूल देत देत पाचही ओलांडायच्या आणि परत यायचं. शिवला गेला तर, तुम्ही ओळखलंत, झाडाला शिवून पुन्हा पहिल्या पाटीपासून. सूरपाटीवर मुलगी ठेवा. बारक्या चणीची, तल्लख. माझ्या अनुभवात तिथं मुलगे लवकर फसतात, कारण त्यांना हूल खरी वाटते.

तासाआधी पाच मिनिटं खडे आणि काटे वेचायला लावा. दहा खडे आणल्याशिवाय संघात नाव नाही. महिनाभरात मैदान गुळगुळीत.

गणिताच्या_बाई

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमस्व, मध्ये चाचणी होती.

काकडी-कारलं आठवीला बालिश वाटलं, साधारण दीड मिनिट. आता तेच मधल्या सुट्टीत आपापलं खेळतात आणि "का… का…" करायची पाळी कुणाची यावरून भांडतात. मी "काटकोन" म्हटलं तर चौदा जण पळाले. जन्ममहिन्याने संघ पाडायला गेले तर कळलं, १३ मुलांची जन्मतारीख १ जून आहे! शाळेत नाव घालताना लावलेली. शेवटी रंगीत फडकी वाटली.

मुलींपैकी चौघी अजून बसतात. बाकीच्या खो-खोच्या दोन्ही मैदानांवर. ओढणीची गाठ मला त्यांनीच सुधारून दिली. वजीर केलेला सहावीतला मुलगा परवा घरून नवी शिट्टी घेऊन आला, मला द्यायला.

आट्यापाट्या काल पहिल्यांदा घेतल्या. सूरपाटीवर सातवीची एक शांत मुलगी होती, वर्गात तोंड उघडत नाही. तिने एकाही मुलाला तिसरी पाटी ओलांडू दिली नाही. मुलं चिडून म्हणाली, "बाई, ती रेषाच चुकली आहे." टेप लावून मोजायला लावली. रेषा बरोबर होती, पण फक्की तिथेच संपली. आता मुली घरून चुलीची राख आणतो म्हणाल्यात. चालेल का?

शिट्टी_आणि_फक्की

चालते की. पण तुमच्याकडे वारं फार, उडून जाईल. आधी रेषेवर पाणी शिंपडा, मग ओल्यावर राख टाका. आणि डोळ्यांत जाणार नाही असं बघा, वाऱ्याकडे पाठ करून आखायला सांगा.

नऊ_नंबर

१ जूनवाल्यांचा एक वेगळा संघ कराच एकदा! आणि त्या चौघींना बादल्यांशेजारी बसवा, पायऱ्यांवर नाही. खो जवळून ऐकू आला की बसवत नाही.