मांडीतली खोल गाठ: एमआरआय नाही, पॅथॉलॉजिस्ट नाही. आपण कुठपर्यंत जावं?

उपजिल्हा_शल्य
उपजिल्हा रुग्णालय. एक्स-रे आणि सोनोग्राफी आहे, सीटीसाठी जिल्ह्याला पाठवावं लागतं, एमआरआय नाही. ४५ वर्षांची शेतमजूर बाई, उजव्या मांडीत पुढून-बाहेरच्या बाजूला ९ सेंमीची गाठ. चार महिन्यांत वाढली, दुखत नाही. स्नायू आवळायला सांगितलं की गाठ जागची हलत नाही, म्हणजे खोल आहे. सोनोग्राफीचा रिपोर्ट म्हणतो 'लायपोमा (चरबीची गाठ) किंवा जुना हिमाटोमा (साकळलेलं रक्त)', पण आत रक्तप्रवाह दिसतोय आणि मार लागल्याचं काही आठवत नाही. घरचे म्हणतात इथंच काढा, मुंबई झेपणार नाही. एफएनएसी (बारीक सुईने पेशी ओढून तपासणं) करून भागेल का? की सरळ काढून तपासायला पाठवू?

खाजगी_नाही_सरकारी
काढू नका. फॅशियाखालची (स्नायूंवरच्या पडद्याखालची) किंवा ५ सेंमीपेक्षा मोठी गाठ, त्यात वाढणारी, ही सार्कोमा (स्नायू, चरबी अशा ऊतींचा कर्करोग) नाही असं सिद्ध होईपर्यंत सार्कोमाच. मार लागलेला नसताना 'हिमाटोमा' हे निदान तर अजिबात मान्य करू नये. असल्या गाठींना चीर देऊन 'रक्त काढलं' की पुढच्या सर्जनचं काम दुप्पट होतं.

काढून पाठवली तर बिघडतं ते असं. गाठीभोवती गुळगुळीत कवच दिसतं, बोट घातलं की ती अलगद सुटते आणि आपल्याला वाटतं पूर्ण निघाली. ते कवच म्हणजे गाठीनेच दाबून तयार केलेला थर. त्यात आणि त्याच्या बाहेरही पेशी असतात. बोटाने सोडवलेल्या गाठीच्या जागी पुन्हा ऑपरेशन केलं, तर बऱ्याच अभ्यासांत तिसऱ्या हिश्शापासून निम्म्याहून अधिक रुग्णांत आजार उरलेला सापडतो.

एफएनएसीने पेशी वाईट आहेत एवढं कळेल. प्रकार आणि ग्रेड (किती आक्रमक ते) सहसा कळत नाही. कोअर बायोप्सी (जाड सुईने गाठीचे तुकडे घेणं) करा, ती तुमच्याकडे होते:

१४ किंवा १६ गेजची ट्रूकट सुई. छेदाची जागा पुढच्या ऑपरेशनच्या उभ्या चिरेवर हवी, कारण सुईचा मार्ग नंतर कातडीसकट गाठीबरोबर काढावा लागतो. तुमच्या रुग्णात व्हास्टस लॅटरॅलिसमधून (मांडीचा बाहेरचा स्नायू) जा, रेक्टस फिमोरिस (पुढचा मधला स्नायू) आणि फिमोरल रक्तवाहिन्यांपासून लांब. १ टक्का लिग्नोकेन (बधिर करायचं औषध) फक्त त्याच रेषेत, चहूबाजूंनी पसरवू नका. ११ नंबरच्या ब्लेडने ३-४ मिमीचा छेद, त्याच एका छेदातून सुईचा कोन बदलत ४ ते ६ तुकडे. सोनोग्राफीत घन आणि रक्तप्रवाह असलेला भाग दिसतो तिथले घ्या. मधोमध बहुधा मेलेला भाग असतो, रिपोर्ट 'नेक्रोसिस' एवढाच येतो. नंतर १० मिनिटं घट्ट दाबून धरा, कारण हिमाटोमा जिथवर पसरतो तिथवर पेशी जाऊ शकतात.

'सुई लागली की पसरतो' असं नातेवाईक म्हणतीलच. सरळ सांगा: सुईचा मार्ग नंतर काढता येतो, अर्धवट ऑपरेशनची पसरलेली जागा काढणं फार अवघड.

स्लाइड_आणि_ब्लॉक
पॅथॉलॉजीकडून दोन शब्द. तुकडे सलाइनमध्ये पाठवू नका, प्रवासात कुजतात. १० टक्के बफर्ड फॉर्मालिन विकत मिळत नसेल तर बनवा: बाजारातलं फॉर्मालिन १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम फॉस्फेट मोनोबेसिक ४ ग्रॅम, डायबेसिक (निर्जल) ६.५ ग्रॅम. तुकड्यांच्या किमान दहापट द्रव, रुंद तोंडाची बाटली. तुकडा द्रवात टाकल्यावर तरंगला तर बहुधा नुसती चरबी आली आहे, आणखी एक घ्या.

फॉर्मवर 'मांडीतली गाठ' एवढंच लिहून पाठवतात, मग आम्ही अंदाज बांधत बसतो. वय, जागा, फॅशियाच्या वर की खाली, आकार, किती दिवसांत वाढली, हे लिहा. ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) परत मागून घ्या. मोठ्या केंद्रात ते पुन्हा तपासतात, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (गाठीचा प्रकार ओळखायची खास रंग-तपासणी) त्याच ब्लॉकवर होते.

टाके_सैल
पहिल्या उत्तराशी सहमत, पण सगळंच वर पाठवा असंही नको. फॅशियाच्या वरची, ५ सेंमीपेक्षा लहान, बायोप्सी झालेली गाठ जिल्ह्यात निघू शकते. चीर अवयवाच्या लांबीत, बायोप्सीची खूण आत घेऊन. चहूबाजूंनी २ सेंमी निरोगी भाग आणि खालची फॅशिया एकसंध. टुर्निके (रक्त थांबवायचा फुगवता येणारा पट्टा) लावायचा तर पट्टा गुंडाळून रक्त पिळू नका. पाय ३-५ मिनिटं वर धरा, मग फुगवा. गाठ दिसली म्हणजे तुम्ही चुकीच्या थरात आहात, तिथेच थांबून बाहेरून फिरा. ड्रेन चिरेच्या रेषेतच, टोकापासून १-२ सेंमीवर. गाठ काढलेल्या जागेच्या कडांवर धातूच्या क्लिप, रेडिएशनवाल्यांना क्षेत्र आखायला लागतात. नमुना कापून बघू नका. आखूड टाका वर, लांब टाका बाहेर, आणि तसं फॉर्मवर लिहा.

जखम बंद होत नसेल तर मार्जिनचा (कापलेल्या कडांचा) रिपोर्ट येईपर्यंत फ्लॅप (शेजारची कातडी-मांस) फिरवू नका. जागा सरकली की उरलेला आजार कुठे आहे ते कळत नाही. ड्रेसिंग किंवा साधं स्किन ग्राफ्ट चालतं.

९ सेंमीची खोल गाठ मात्र या यादीत नाही.

उपजिल्हा_शल्य
समजलं. उद्या बायोप्सी करतो. आणखी एक विचारतो. दुसऱ्या एकाची पोटरीची गाठ बाहेर कुठेतरी आडव्या चिरेने सोडवून काढली, ड्रेन लांबून बाजूला काढलेला. रिपोर्ट ग्रेड ३ सार्कोमा. हाताला काही लागत नाही. नुसतं लक्ष ठेवायचं?

खाजगी_नाही_सरकारी
नाही, लक्ष ठेवून चालणार नाही. जुना ऑपरेशनचा कागद, ब्लॉक आणि शक्य तर त्या वेळचा फोटो मिळवा. आधी छातीचा सीटी, कारण हा आजार मुख्यतः फुप्फुसात जातो. लसग्रंथींत (लिम्फ नोड) क्वचितच. मग मोठ्या केंद्रात पुन्हा वाइड एक्सिजन: जुना व्रण, पूर्ण पोकळी आणि ड्रेनची वाटसुद्धा, सगळं एकाच तुकड्यात. ड्रेन लांबून काढल्याची किंमत इथे दिसते. उभ्या चिरेने जिथे कातडी जुळली असती तिथे आता ग्राफ्ट लागेल आणि रेडिएशनचं क्षेत्रही रुंद होईल. पायाभोवती सगळीकडून रेडिएशन गेलं तर सूज राहते, म्हणून एक उभी पट्टी मोकळी ठेवतात.

पाय कापावा लागेल या भीतीने लोक पळतात. सांगा त्यांना: १९८२ मध्ये अमेरिकेत छापलेल्या चाचणीत पाय कापलेले आणि पाय वाचवून रेडिएशन दिलेले यांच्या आयुर्मानात फरक दिसला नाही.

टाके_सैल
रेडिएशन आधी की नंतर, हे केंद्रावर सोडा. आधी दिलं तर ५० ग्रे (रेडिएशनचं माप), मग ४-६ आठवड्यांनी ऑपरेशन. डोस कमी, पण कॅनडातल्या चाचणीत जखमेच्या तक्रारी ३५ टक्के, नंतर दिल्यास १७.

मुंबईच झेपली पाहिजे असं नाही. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीला नर्गिस दत्त. महात्मा फुले योजनेत बसतं का, हे रुग्ण निघण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारवरच्या नावात फरक असेल तर तो इथंच दुरुस्त करून पाठवा. तिथे जाऊन त्यासाठी परत फिरणारे रुग्ण पुन्हा येत नाहीत.

ऑपरेशननंतरचा पाठपुरावा तुमच्याकडे होऊ शकतो. पहिली दोन-तीन वर्षं दर ३-४ महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, जागा हाताने तपासणं आणि छातीचा एक्स-रे. टाटा मेमोरियलच्या ५०० रुग्णांच्या चाचणीत एक्स-रेवर पाठपुरावा केलेल्यांचं आयुर्मान सीटीवाल्यांपेक्षा कमी निघालं नाही. तेव्हा दर वेळी सीटीसाठी त्या बाईला जिल्ह्याला पाठवू नका.